कीटण घट्ट होण्याआधी

दातांवर कीटण का साठते असे विचारले की बहुतेकांचे पहिले उत्तर पाण्याचे असते. बोअरचे पाणी जड, त्यातला क्षार दातांवर बसतो, म्हणून दात पिवळे पडतात आणि खडबडीत होतात, अशी ही समजूत. बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरलेला रोज दिसतो, तेव्हा दातांवरही तेच होत असणार असे वाटणे स्वाभाविक आहे. पण संगमेश्वर तालुक्यात ही समजूत टिकत नाही. सह्याद्रीचा उतार, वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस, आणि जांभ्यातून नि काळ्या कातळातून झिरपून विहिरीत उतरणारे पाणी. तुरळ-राजवाडीकडची गरम पाण्याची कुंडे सोडली तर हे हलके, साबणाला भरपूर फेस देणारे पाणी आहे. कीटण पाण्याने होत असते तर साखरप्यापासून माखजनपर्यंत ते शोधावे लागले असते. प्रत्यक्षात खालच्या पुढच्या दातांमागे जिभेचे टोक फिरवले की लागणारा खरखरीत कठडा इथल्या प्रौढांना चांगलाच ओळखीचा आहे. तो आपण पाण्यावर ढकलतो तेव्हा नकळत एक सोयही साधतो. दोष विहिरीचा ठरला की हाताला काही काम उरत नाही.

हा क्षार येतो आपल्याच लाळेतून. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेले असतात, आणि ते असायलाच हवेत. तोंडात तयार होणाऱ्या आम्लाने एनॅमलमधून जे खनिज सुटते ते परत भरून काढण्याचे काम लाळ करते. दात घासून चूळ भरल्यावर थोड्याच वेळात दातावर लाळेतल्या प्रथिनांचा अदृश्य पापुद्रा चढतो. त्यावर जिवाणू चिकटतात, वाढतात, एकमेकांना धरून राहतील असे चिकट द्रव्य तयार करतात. या मऊ पांढुरक्या थराला दंतवैद्य प्लाक म्हणतात. नखाने खरवडला तर तो निघतो, ओल्या फडक्याने पुसला तरी निघतो. तो जागचा हलला नाही तर मात्र लाळेतले खनिज त्यात उतरू लागते. काही तोंडांत ही क्रिया दिवसाभरातच सुरू होते, बहुतेकांत दोन-तीन दिवसांत. बारा दिवसांच्या सुमारास त्या थराचा साठ ते नव्वद टक्के भाग खनिज झालेला असतो. खाणीतून नुकताच काढलेला जांभ्याचा चिरा सहज तासता येतो आणि वाऱ्याला लागला की कठीण होत जातो, हे कोकणात घर बांधणाऱ्याला सांगावे लागत नाही. प्लाकचे कीटण होते ते जवळजवळ याच चालीने. ते सगळीकडे सारखे बसत नाही, हेही लाळेकडेच बोट दाखवते. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू या त्याच्या आवडत्या जागा, कारण लाळग्रंथींच्या नळ्यांची तोंडे नेमकी तिथे उघडतात. आणि एकदा बसले की ते किती टिकते याची साक्ष पुरातत्त्वाने दिली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या चमूने हरियाणातल्या फरमाणा येथे उत्खनन केलेल्या हडप्पाकालीन वसाहतीतल्या दातांवरच्या कीटणात हळद आणि आल्याचे अंश सापडले. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची फोडणी ज्या पदार्थात शाबूत राहते, तो सकाळच्या ब्रशने निघेल अशी अपेक्षा करणे जरा जास्तच झाले.

या विषयावरचा सगळा विचार मला या एका गोष्टीवर उभा करावासा वाटतो. ब्रश हे कीटण काढण्याचे साधन नाही; कीटण होऊ न देण्याचे साधन आहे. ऐकायला ही शब्दांची कसरत वाटेल, पण तिच्यातून सगळी दिनचर्या बदलते. काढायचे असेल तर जोर लावावा लागतो, ताठ केसांचा ब्रश लागतो, खरखरीत भुकटी लागते, आणि दात घासणे हा सकाळचा एक दणकट कार्यक्रम होतो. होऊ द्यायचे नसेल तर जोराचा काहीच उपयोग नाही, कारण समोर आहे तो मऊ थर. तिथे दोनच गोष्टींना किंमत आहे: तो थर प्रत्येक दाताच्या प्रत्येक बाजूवरून हलला का, आणि वेळेत हलला का. वेळेचा हिशोब डेन्मार्कमधल्या आऱ्हूस इथल्या, १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका साध्या प्रयोगाने घालून दिला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणे पूर्ण बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासू लागल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. पुढे १९७३ साली याच धर्तीवर विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या अंतराने दात साफ करायला लावले, तेव्हा दोन दिवसांतून एकदा पण पूर्ण स्वच्छता करणाऱ्यांच्या हिरड्या ठीक राहिल्या, आणि तीन किंवा चार दिवसांचे अंतर ठेवणाऱ्यांच्या सुजल्या. यावर कुणी म्हणेल, मग दोन दिवसांतून एकदा घासले तरी चालेल की! चालेल, पण ते विद्यार्थी दंतवैद्यकाचे होते आणि त्यांची स्वच्छता पूर्ण होती. तुमची-आमची अर्धीमुर्धी असते. आज जी जागा सुटते तीच उद्याही सुटते, कारण हाताला वळण पडलेले असते. म्हणून रोज दोनदा घासायचे ते ही चूक भरून निघावी यासाठी, आणि त्यातले रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे. झोपेत लाळेचा पाझर फार कमी होतो, गिळणे जवळजवळ थांबते, आणि जेवणानंतर राहिलेल्या थराला सहा-सात तास कुणी धक्का लावत नाही. आपल्याकडे मात्र दात घासणे ही सकाळच्या विधींत बसवलेली गोष्ट आहे, देवपूजेआधीची, चहाआधीची. रात्री जेवण झाले की चूळ भरायची आणि अंथरूण घालायचे. जुन्या परंपरेला यासाठी दोष देता येत नाही, कारण वाग्भटाने अष्टांगहृदयात दातवण सकाळी आणि जेवणानंतरही करायला सांगितले आहे, तेही मऊ टोकाचे आणि हिरडीला न दुखवणारे. दुसरी वेळ आपणच गाळली, आणि मऊपणाची अटही.

गाळलेल्या त्या जागेत काय येऊन बसले हे पाहायचे तर मशेरीबद्दल बोलावे लागते, आणि कोकणातली दातांविषयीची कोणतीही पुस्तिका ती टाळून पुढे गेली तर ती अप्रामाणिक ठरेल. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची, आणि सकाळी बोटाने दातांना-हिरड्यांना लावून बसायचे. मग दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. दात घासण्याच्या नावाखाली चालणारे हे व्यसन मुख्यतः बायकांचे आहे, आणि घरात त्याला व्यसन म्हणण्याचा प्रघात नाही. मुंबईत नव्वदच्या दशकात पस्तीस आणि त्यापुढच्या वयाच्या ९९,५९८ लोकांची पाहणी झाली, तेव्हा ५७.५ टक्के स्त्रिया तंबाखू वापरत असल्याचे आढळले. ओढणाऱ्या जवळजवळ नव्हत्याच. तंबाखू तोंडातच होता, आणि त्यात मशेरीचा वाटा सर्वांत मोठा. लालबाग-परळच्या चाळींत आणि संगमेश्वर-देवरुखच्या वाड्यांत नाती एकच आहेत, त्यामुळे हा आकडा परक्या शहराचा म्हणून सोडून देता येत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांत धूररहित तंबाखूचे प्रमाण २४.४ टक्के होते आणि ओढणारे फक्त ३.८ टक्के. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, पण चुलीवर भाजलेल्या मशेरीला ना कारखाना असतो ना लेबल. कायदा तिच्यापर्यंत पोचणार कसा? तिच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे: मशेरीने हिरड्या घट्ट होतात, रक्त यायचे थांबते. रक्त कमी येते हे खरे असू शकते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. पण सुजलेली हिरडी रक्त देऊन जी सूचना करत असते तीच यात दाबली जाते. आतली झीज चालू राहते आणि बाहेरून सारे घट्ट दिसते. मशेरीच्या खरखरीने दातांचा वरवरचा थर निघतो, हिरडीच्या काठाजवळ दात झिजतो, आणि कडेच्या खाचेत जिथे कीटण जन्म घेते तिथे बोट पोचतच नाही. तोंडाच्या कर्करोगाचा धोका हा याहून मोठा विषय आहे. तो या पुस्तिकेचा नाही, एवढ्यासाठीच इथे एका वाक्यात आटोपतो.

यावर येणारा आक्षेप इतका ठरलेला आहे की तो आधीच मांडलेला बरा. आमच्या आजीने जन्मभर राखुंडी आणि मशेरी लावली, ब्रश पाहिला नाही, आणि ऐंशीव्या वर्षी ती सुपारी फोडत होती. असे लोक आहेत, आणि त्यांच्याबद्दल आपल्याला बरीच नेमकी माहिती आहे. श्रीलंकेतल्या चहामळ्यांवर काम करणाऱ्या ४८० पुरुषांच्या हिरड्यांचा अभ्यास १९७० पासून पंधरा वर्षे चालला. हे लोक ब्रश वापरत नव्हते, दंतवैद्याकडे जात नव्हते, सर्वांच्या दातांवर प्लाक आणि कीटण होते; गंमत म्हणजे दात किडण्याचे प्रमाण त्यांच्यात नगण्य होते, म्हणून हिरड्यांचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहता आला. त्यातल्या ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांच्या बाबतीत हिरड्यांच्या वरवरच्या सुजेपलीकडे काहीही झाले नाही. पस्तिशीत पहिल्या गटाचा दाताला धरून ठेवणारा आधार सरासरी ९ मिलिमीटर खचला होता, दुसऱ्याचा ४, आणि तिसऱ्याचा एकाहून कमी. आजी त्या ११ टक्क्यांतली आहे. तिचे उदाहरण खोटे नाही, पण ते नातवाला लागू पडेल याची हमी कुणी देऊ शकत नाही, आणि आपण कोणत्या गटात जन्मलो हे पस्तिशीआधी आरशात दिसत नाही. शिवाय गावात उरलेल्या दातांची गोष्ट सांगितली जाते, पडलेल्यांची नाही. चाळिशीत ज्यांच्या दाढा हलून पडल्या त्यांनी ते वयावर घातले, वातावर घातले, बाळंतपणावर घातले. या अभ्यासातून एक गोष्ट मात्र कीटणाला दोष देणाऱ्यांनीही घ्यायला हवी. कीटण सर्वांच्याच दातांवर होते, तरी आजार सर्वांना सारखा झाला नाही. तो दगड स्वतः हिरडीला खात नाही; त्याच्या खडबडीत पाठीवर ताजा प्लाक घट्ट बसतो, तिथे ब्रश लागू होत नाही, आणि दाह त्या जिवंत थराने होतो. म्हणजे कीटण हे दुखण्याचे मूळ कारण नसून त्याचा पक्का अड्डा आहे, आणि म्हणूनच तो बांधला जाण्याआधीची वेळ मोलाची.

घासण्याच्या रीतीबद्दल पुढच्या पानांत आकृत्यांसह येईल. इथे फक्त ती तशी का, एवढे. अमेरिकेतले वैद्य चार्ल्स बास यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर जी पद्धत मांडली तिचा गाभा असा, की ब्रशचे केस दाताच्या मधोमध टेकवायचे नाहीत, तर दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर, साधारण पंचेचाळीस अंशांनी तिरके टेकवायचे आणि जागच्या जागी बारीक हलवायचे. केस मऊ हवेत, म्हणजे त्यांची टोके हिरडीच्या कडेखालच्या खाचेत किंचित शिरतात. ताठ केस तिथे शिरत नाहीत, वरूनच घसरतात आणि दाताच्या मानेवर खाच पाडतात. आडवा, करवतीसारखा हात याच कारणाने वाईट. बहुतेक माणसे जिथे दिसते तिथे घासतात. हसताना दिसणारे सहा-आठ दात चकचकीत असतात आणि त्यांचीच मागची बाजू कवचाने झाकलेली असते. खालच्या पुढच्या दातांमागे ब्रश उभा धरून, त्याच्या टोकाचे केस वापरल्याशिवाय काम होत नाही, आणि ही एक हालचाल शिकवली तरी निम्मे कीटण टळेल असे मी धाडसाने म्हणेन, कारण ते जास्तीत जास्त साठते ती हीच जागा. उजव्या हाताने घासणाऱ्याची उजवीकडची बाजू बहुधा कच्ची राहते. तिथूनच सुरुवात करावी. दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे दोरा किंवा फटीत शिरणारा बारीक ब्रश लागतो. टाचणी, केसांचा पिन किंवा खराट्याची काडी नव्हे. गावात जेवणानंतर खराट्याची काडी मोडून घेण्याची जी सवय आहे तिने फट साफ होत नाही, हिरडीचा त्रिकोण मात्र दाबला जातो आणि पुढच्या घासाला तिथे अधिक अन्न अडकते.

पेस्टबद्दल थोडक्यात. फ्लोराइड असलेली पेस्ट दात किडण्यापासून वाचवते आणि त्यासाठी ती वापरावीच. कीटणाशी फ्लोराइडचा संबंध नाही. टार्टर (म्हणजे कीटणच) कंट्रोल लिहिलेल्या पेस्टमध्ये पायरोफॉस्फेट किंवा जस्ताचे क्षार असतात, ते खनिज जमण्याची गती काहीशी कमी करतात, हिरडीच्या वरच्या भागापुरती. जमलेले काढू शकत नाहीत. मीठ, कोळसा, खाण्याचा सोडा यांचे भक्त प्रत्येक वाडीत आहेत. मिठाच्या भक्तांसाठी एक जुनी हकिकत: सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पहिल्यांदा पाहणारा हॉलंडचा लेवेनहुक रोज सकाळी दातांना मीठ चोळत असे, आणि १६८३ साली त्याने ते जिवंत, वळवळणारे प्राणी पाहिले ते आपल्याच त्या मीठ चोळलेल्या दातांमधल्या मळात. ऊस किंवा गाजर खाऊन दात साफ होतात हीही अर्धी गोष्ट आहे. चावण्याची टोके साफ होतात, हिरडीची कड नाही. विजेवर चालणाऱ्या ब्रशबद्दल ५६ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये निघाला. तीन महिन्यांनंतर प्लाक सुमारे २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी कमी आढळली. फायदा आहे, पण ज्याचा हात नीट चालतो त्याने त्यासाठी हजारो रुपये घालायलाच हवेत एवढा नाही. संधिवाताने बोटे वाकलेल्या म्हाताऱ्या माणसाला मात्र तो जरूर द्यावा.

आता उरला तो सर्वांत चिवट आक्षेप: दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, फटी पडतात, थंड पाणी झोंबते. या तक्रारी खऱ्या आहेत आणि दंतवैद्यांनी त्या हसण्यावारी नेल्यामुळेच समजूत घट्ट झाली. वर्षानुवर्षे साठलेले कीटण शेजारच्या दातांना एकत्र जखडून ठेवते. आधार आत खचत असतो, पण वरच्या बांधणीमुळे हालचाल जाणवत नाही. ती निघाली की दात आधीच किती सैल होता हे कळते. फट आधीपासून होती, कीटणाने भरली होती. सुजलेली हिरडी ओसरली की मुळाचा थोडा भाग उघडा पडतो आणि काही आठवडे झोंबते. हे आधी समजावून सांगितले तर माणूस घाबरून अर्ध्यावर सोडत नाही. ही काही परदेशातून आलेली टूमही नाही. सुश्रुतसंहितेत दंतरोगांत दंतशर्करा, म्हणजे हेच कीटण, मोजली आहे, आणि दाताच्या मुळाला इजा न करता ती काढावी असे तिथे वैद्याला सांगितले आहे. अधिक विचार करायला लावणारा आक्षेप दुसऱ्याच बाजूने येतो. ब्रिटनमधल्या १७११ लोकांवरच्या दोन चाचण्यांचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. गंभीर आजार नसलेल्या आणि दंतवैद्याकडे नियमित जाणाऱ्या प्रौढांत दात दर सहा महिन्यांनी साफ केले, दर वर्षी केले किंवा नियमाने कधीच केले नाहीत, तरी दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या आरोग्यात जवळजवळ फरक पडला नाही. मग इथे लोकांना साफ करून घ्या म्हणून का सांगावे? कारण ती माणसे आधीपासून दंतवैद्याच्या नजरेखाली होती, त्यांच्या तोंडात वीस वर्षांचा साठा नव्हता. कडवई किंवा फुणगूसच्या माणसाला दंतवैद्य भेटतो तो बहुधा दाढ ठणकल्यावर, आणि त्यासाठी देवरुख, चिपळूण नाही तर रत्नागिरी गाठताना दिवसाची मजुरी बुडते. अशा तोंडात एकदाची पूर्ण सफाई अत्यावश्यक आहे, कारण कीटणावर ब्रश चालत नाही. त्यानंतर मात्र दर सहा महिन्यांचा रतीब सर्वांना सारखा लावण्याला पुरावा नाही. मधुमेही, तंबाखू वापरणारे, ज्यांना एकदा पायरिया होऊन गेला ते, यांनी लवकर दाखवावे. बाकीच्यांनी वर्षातून एकदा तपासून घ्यावे आणि काढण्यासारखे असेल तरच काढावे. खेडला योगिता दंत महाविद्यालय जिल्ह्यातच आहे, आणि महाविद्यालयाच्या रुग्णालयात असे काम खासगी दवाखान्याच्या मानाने स्वस्तात होते.

जिला मशेरी सोडायची आहे तिला आधीच सांगायला हवी अशी एक बाब राहते. सिगारेट सोडणाऱ्यांच्या बाबतीत असे आढळले आहे की निकोटिन थांबल्यावर काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त यायचे वाढते. आकसलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात आणि दबलेली सूज उघडी पडते. मशेरी सोडताना, त्यातही पहिल्यांदाच मऊ ब्रश हाती घेताना, गुळणी लाल झाली तर नवल नाही. नेमक्या याच वेळी घरातली एखादी जाणती बाई म्हणते, बघ, ब्रशने हिरड्या फाटल्या, मशेरीच बरी होती. आणि डबी परत खाली येते. त्या रक्ताचा अर्थ ब्रश जोरात लागला असा क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो असतो जुना प्लाक आणि त्याखालचे कीटण. अशा वेळी घासणे थांबवायचे नाही, हात हलका करायचा, रात्रीची वेळ चुकवायची नाही, आणि दोन आठवड्यांत रक्त कमी झाले नाही तर दंतवैद्याकडे जाऊन साठलेले काढून घ्यायचे. आऱ्हूसच्या त्या बारा जणांच्या हिरड्या आठवड्यात पूर्ववत झाल्या कारण त्यांच्या दातांवरचा थर कोवळा होता. वीस वर्षांच्या मशेरीनंतर आठवडा पुरणार नाही, महिना-दीड महिना धरून चालावे.